ऐकाबाईंच्या लेकीचं लग्न

शहरात त्यांना सगळे ऐकाबाई म्हणत. खरं नाव कुठे सही करायची वेळ आली की त्यांना स्वतःलाच जरा आठवावं लागे. नवऱ्याच्या तीनचाकी टेम्पोच्या टपावर दोन भोंगे, एक पुढे तोंड केलेला, एक मागे. आत ड्रायव्हरशेजारच्या अर्ध्या सीटवर बाई अंग चोरून बसलेल्या, हातात माइक, मांडीवर पुठ्ठ्याला चिमट्याने अडकवलेला मजकूर. "ऐका हो ऐका" असं सुरू झालं की गल्लीतली पोरं मागून ओरडायची, "ऐकलं हो ऐकलं!" पहिली काही वर्षं बाईंना याचा राग यायचा. मग हसू यायला लागलं. मग काहीच येईनासं झालं.

त्या या धंद्यात पडल्या त्या अपघातानेच. नवऱ्याचं काम माइक आणि भोंगे भाड्याने देण्याचं. जाहिरात बोलायला त्याने एक माणूस ठेवला होता, नाटकातून आलेला, गळ्याचा गोड, पण पगार हातात पडला की चार दिवस गायब. अशाच एका सकाळी चपलांच्या दुकानाचा सेल होता आणि माणूस फिरकलाच नाही. दुकानदार घड्याळ बघत उभा. नवऱ्याला चार लोकांसमोर चार वाक्यं बोलायची म्हणजे घाम फुटायचा. बाई नेमक्या त्याचा डबा द्यायला आल्या होत्या.

"वाचता येतं ना तुला?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे काय, येतंच की."

"मग वाच."

बाईंनी वाचलं. तिसऱ्या चौकापर्यंत आवाज थरथरत होता, चौथ्यापासून थरथरायचा थांबला. संध्याकाळी दुकानदार म्हणाला, "बाईंचा आवाज पोचतो बरं का." एवढीच काय ती पदवी. दुसऱ्या दिवसापासून डबा दोघांचा भरायला लागला.

दिवसभर नवरा-बायको एकमेकांना खेटून बसलेले, पण बोलणं म्हणाल तर नाही. बाईंचा घसा धंद्यासाठी राखून ठेवलेला आणि नवरा मुळातच शब्दांचा कंजूष. शेजारीण एकदा म्हणाली, "तुमच्याकडे कधी भांडण ऐकू येत नाही हो." बाई म्हणाल्या, "भांडायला घरी आवाज उरतो कुठे?"

गाद्यांचा सेल, हरवलेलं पोर, उद्या पाणी येणार नाही, नवीन दवाखान्याचं उद्घाटन, असं सगळं त्या बोलायच्या. आणि वर्षातून काही आठवडे फटाके. जुन्या बाजाराच्या मागे फटाक्यांच्या दुकानांची एक बोळच होती. दुकानं एवढी अरुंद की गिऱ्हाईक आत आलं तर मालकाला बाहेर यावं लागे. लग्न असो, निवडणूक असो, मॅच जिंकलेली असो, फटाके तिथूनच जायचे. "ऐका हो ऐका, एका खोक्यावर एक खोकं फुकट," हे बाईंनी त्या बोळाच्या तोंडाशी इतक्यांदा म्हटलं होतं की झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं.

मग एका दुपारी त्या बोळातल्या एका दुकानाच्या माळ्याला आग लागली. माणूस कोणी गेलं नाही, पण एका विक्रेत्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले आणि समोरच्या चार दुकानांची शटरं वितळल्यासारखी वाकली. पालिकेला जाग आली. बोळातली विक्री बंद, आता फटाके फक्त गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर, पत्र्याच्या गाळ्यांतून, परवाना घेऊन विकायचे. मोठ्या आवाजाचे आणि लांबलचक माळांचे फटाके विकायचेच नाहीत. रात्री ठरल्या वेळेनंतर वाजवायचे नाहीत. आणि दवाखाने, शाळा यांच्या शंभर मीटरच्या आत कधीच वाजवायचे नाहीत, ना दिवसा, ना रात्री. हे सगळं लोकांना सांगायचं कोणी? तर ज्यांचा आवाज पोचतो त्यांनी. पालिकेचं काम बाईंना मिळालं.

पालिकेचा मजकूर पालिकेसारखाच होता. "शोभेच्या दारूची अनधिकृत विक्री" असं त्यात लिहिलेलं. बाईंनी तसंच वाचलं तर चौकात चहा पीत उभे असलेले लोक खदखदून हसले. एकजण म्हणाला, "बाई, शोभेची राहू द्या, प्यायची कुठे मिळते ते सांगा!" नवऱ्याने त्या संध्याकाळी पेन घेऊन 'शोभेची दारू' खोडली आणि वर 'फटाके' लिहिलं. पालिकेला ते कधी कळलं नाही. कळलं असतं तरी त्यांनी काही केलं नसतं.

बोळातले जुने दुकानदार मात्र दुखावले. भुईनळ्यांसाठी नावाजलेल्या दुकानाचा म्हातारा मालक टेम्पो अडवून म्हणाला, "ताई, आमचं मीठ खाल्लंत आणि आमचेच वासे मोजायला लागलात."

"काका, मी मोजत नाही. मी वाचते," बाई म्हणाल्या.

"वाचताना जीभ नाही का अडखळत?"

बाईंनी माइक बंद आहे ना ते बघितलं आणि म्हणाल्या, "त्या पोराचे हात बघून आलात का तुम्ही?" म्हातारा बाजूला झाला. त्याने आदल्या दिवशीच त्या पोराच्या घरी धान्य पोचवलं होतं, हे बाईंना पुढे कळलं, आणि आपण बोललो ते उगाच बोललो असं त्यांना फार दिवस वाटत राहिलं.

या कामातली एक गंमत अशी होती की शांतता क्षेत्रात भोंगा लावायलाही बंदी. म्हणजे दवाखान्यासमोर फटाके वाजवू नका, हे दवाखान्यासमोर जाऊन सांगायचं नाही. कोपरा आला की नवरा बटण दाबायचा, टेम्पो मुक्याने ती गल्ली ओलांडायचा आणि पलीकडच्या कोपऱ्यावर बाई पुन्हा सुरू. त्यामुळे ज्यांना सांगायला हवं तेच तेवढे सुटायचे.

ऐकायचं म्हणाल तर कोणीच ऐकत नव्हतं. मजकूर मात्र सगळ्यांना पाठ झाला होता. बाई भाजी घ्यायला गेल्या तरी भाजीवाला म्हणायचा, "कोथिंबीर शंभर मीटरच्या आत ठेवू की बाहेर?" त्याच दिवशी त्याच्याच दारात त्याचा पोरगा माळ लावताना दिसायचा. बाई घरी येऊन कोमट पाणी प्यायच्या, गळ्याला फडकं गुंडाळायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या. थकवा पायांत येतो, पाठीत येतो असं ऐकलं होतं. बाईंचा थकवा गळ्यात येऊन बसायचा आणि तिथून हलायचा नाही.

त्यांना एकच मुलगी. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, गिऱ्हाइकाच्या नाकाकडे नुसतं बघून फ्रेम सांगायची. तिने स्वतःच मुलगा पसंत केला. मुलगा स्वभावाने गरीब, हिशेबाचं शिक्षण घेतलेला, वडील लहानपणीच गेलेले. त्याला वाढवलं ते काकांनी. काकांचं टायरचं मोठं दुकान होतं, माणूस गडगडाटी हसणारा आणि समोरच्याच्या पाठीवर थाप मारून बोलणारा. थाप जोरात असायची, पण त्यात वाईट काही नव्हतं. पुतण्यासाठी त्याने खरोखरच खस्ता काढल्या होत्या. मुलाची आई त्याच्या शब्दाबाहेर नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं.

हॉल मुलीकडच्यांनी बघायचा होता. परवडणारा आणि रिकामा एकच मिळाला, प्रसूतिगृहाच्या बरोबर समोरचा. मॅनेजरने पावती लिहितानाच सांगितलं, "बँड नाही, फटाके नाहीत. म्हणूनच स्वस्त आहे. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्हीच आम्हाला सांगता!" बाई हसल्या. त्यांना ते बरंच वाटलं. निदान एका लग्नात तरी कानाला आराम.

दोन्ही घरं बोलणी करायला बसली तेव्हा काका म्हणाले, "जेवण तुमच्याकडे, पाहुण्यांचं बघणं तुमच्याकडे. आतषबाजी आमच्याकडे! पोराच्या बापाच्या वाटची हौस मी करणार. असं आकाश उजळवतो की बघा."

बाई म्हणाल्या, "तिथे चालणार नाही हो. समोर दवाखाना आहे. बाळंतिणी असतात."

"चालतं सगळं. दहा मिनिटांचा तर खेळ."

"नियम आहे तसा."

काका खदखदून हसले. "विहीणबाई, ते टेम्पोत बोला. इथे भोंगा नाही." सगळे हसले. मुलाची आईही हसली, पण लगेच खाली बघायला लागली. बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा चहाच्या कपात बघत होता, जणू त्यात काही पडलंय.

घरी आल्यावर बाई त्याला म्हणाल्या, "अहो, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"होऊन जाऊ दे ना लग्न," तो म्हणाला. "आपण काय, दोन दिवस."

लेक दारात उभी राहून ऐकत होती. ती पुढे आली आणि आईच्या शेजारी बसली. "आई, मी एक मागू? त्या दिवशी तू ऐकाबाई नको होऊस. फक्त माझी आई हो. माझ्या सासरी पहिल्याच दिवशी तमाशा नको."

"तमाशा मी करतेय का?"

"तू नाही करत गं. पण तुझा आवाज लागला की सगळे बघतात."

बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि बरं म्हणाल्या.

बरं म्हणाल्या खऱ्या, पण लग्नाच्या आदल्या दुपारी त्या एकट्याच प्रसूतिगृहात गेल्या. मोठ्या सिस्टर टेबलाशी उभ्या राहूनच डबा खात होत्या. बाईंनी सांगितलं की उद्या संध्याकाळी समोर लग्न आहे आणि बहुतेक फटाके वाजतील, तेव्हा खिडक्या आधीच लावून घ्या.

सिस्टरने घास खाली ठेवला. "दर महिन्याला वाजतात. सांगायला आलेल्या तुम्ही पहिल्याच. हॉलवाल्यांकडून आलात?"

"नाही. मुलीची आई."

"मग त्यांनाच सांगा ना, वाजवू नका म्हणून."

"सांगून झालं."

सिस्टरने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. "तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय मी."

"असेल," बाई म्हणाल्या.

"वरच्या मजल्यावर कमी दिवसांची दोन बाळं आहेत," सिस्टर म्हणाल्या. "खिडक्या लावते. खिडक्यांनी काय होतंय म्हणा." आणि पुन्हा डब्याकडे वळल्या.

लग्न छान झालं. लेक इतकी सुरेख दिसत होती की बाईंना दोनदा डोळे पुसायला आडोसा शोधावा लागला. नवरा नव्या बुटांत अवघडून हॉलच्या स्पीकरशी खुडबुड करत होता. पाहुण्यांशी बोलण्यापेक्षा ते बरं. दिवेलागणीला जेवणं उरकत आली तेव्हा बाईंनी गॅलरीतून खाली बघितलं. काकांच्या गाडीची डिकी उघडी होती आणि दुकानातली माणसं खोकी उतरवत होती. छोटी नव्हेत, मोठ्या आवाजाची, मैदानावरच्या गाळ्यांत ज्यांना बंदी होती तीच. शहराबाहेरून आणलेली असणार.

बाई खाली गेल्या. "काका, तुमच्या पाया पडते. वरती दोन बाळं आहेत, दिवस न भरलेली. हवं तर मैदानावर जाऊ सगळे, तिथे वाजवा. मी स्वतः येते."

काकांना खरंच आश्चर्य वाटलं. "एवढी शंभर माणसं घेऊन मैदानावर? ताई, तुम्ही आज पाहुण्यांकडे बघा. हे माझ्यावर सोडा. पोरगा एकदाच लग्न करतो." त्यांनी बाईंच्या खांद्यावर थाप मारली आणि काडेपेटी मागितली.

बाई वर आल्या, पण जेवणाच्या हॉलकडे गेल्या नाहीत. मागे खुर्च्या ठेवायची खोली होती तिथे शिरल्या, दार लोटलं आणि फोन काढला. पालिकेच्या मजकुराच्या शेवटी येणारा तक्रारीचा नंबर त्यांनी आयुष्यात कधी लावला नव्हता. माइकवर बोलला मात्र किती वेळा होता त्याला मोजमाप नाही.

"बोला, तक्रार कक्ष."

"प्रसूतिगृहासमोरच्या हॉलवर फटाके लागणार आहेत. गाडी पाठवा."

पलीकडचा माणूस आवाज ओळखून चपापला. मग म्हणाला, "ऐकाबाई? अहो, मला वाटलं कोणी तुमची टेप लावून चेष्टा करतंय."

"मीच आहे. लेकीचं लग्न आहे."

"कोणाच्या लेकीचं?"

"माझ्या."

"आणि तक्रार?"

"तीही माझीच."

तो माणूस खाकरला. "गाडी एकच आहे आणि ती बाहेर गेलीय. आली की पाठवतो. तक्रारदार म्हणून तुमचं नाव लिहू?"

"नको," बाई म्हणाल्या. "नाव नका लिहू."

गाडी आली नाही. पहिलं रॉकेट गेलं, सगळे खाली रस्त्यावर जमले. सुरुवातीला रंगांचे झाले, ते दिसायला सुंदर होते हे बाईंनाही नाकारता आलं नसतं. मग माळ लागली. समोरच्या इमारतीत एकेक खिडकी चाचपून बघितली जात होती, पडद्याआड कोणीतरी हलत होतं. फाटकातून एक तरुण माणूस थर्मास हातात धरून बाहेर आला आणि दोन्ही हात हलवून ओरडायला लागला. आवाजात त्याचं काही कळत नव्हतं. बाई रस्ता ओलांडून त्याच्यापाशी गेल्या.

"तुमचं कार्य आहे ना हे?" तो म्हणाला. "माझी बायको आत्ता कुठे झोपली होती. लाज नाही वाटत?"

बाई वळल्या, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी ज्या आवाजावर इतकी वर्षं पोट भरलं तो आवाज, माइकशिवाय, नुसत्या गळ्यातून काढला.

"ऐका हो ऐका! दवाखाना आणि शाळा यांच्यापासून..."

"शंभर मीटरच्या आत!" पोरांनी एका सुरात पुढचं म्हटलं.

मुलाच्या मित्रांना वाटलं, ही बाईंनी केलेली गंमत. टाळ्या पडल्या. कोणी शिट्टी वाजवली. बाई पुढे बोलत राहिल्या, आणि प्रत्येक ओळ पोरं त्यांच्या आधी पूर्ण करत गेली. "फटाके वाजवणं हा..." "गुन्हा आहे!" "संबंधितांना..." "दंड होईल!" जोरात हशा. कितीतरी फोन वर झाले. बाईंच्या मागे रॉकेट फुटलं, त्यांचे नवे कपडे लाल झाले, मग हिरवे झाले. काकाही पोट धरून हसत होते. लेक हॉलच्या पायऱ्यांवर उभी होती. ती मात्र हसत नव्हती. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि आत निघून गेली. बाईंचा आवाज तिथेच चिरकला आणि थांबला.

सगळं संपल्यावर पालिकेची गाडी आली. रस्त्यावर कागदाचा खच, धुराचा वास, पाहुणे निम्मे पांगलेले. उतरलेला अधिकारी डोळे चोळत होता, सकाळपासूनची ड्युटी त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. त्याने कचऱ्याकडे बघितलं, समोरच्या प्रसूतिगृहाच्या पाटीकडे बघितलं आणि विचारलं, "हॉल कोणाच्या नावावर?"

हॉल बाईंच्या नवऱ्याच्या नावावर. दंडाची पावती त्याच्या नावाने फाटणार होती. जावई पुढे होऊन म्हणाला, "साहेब, फटाके आमच्याकडचे होते. माझ्या नावाने करा." अधिकारी म्हणाला, "असं होत नाही हो," आणि लिहायला लागला.

काका तोवर सावकाश पुढे आले होते. "साहेब, कोणाला काही त्रास झाला नाही. शेजाऱ्यांपैकी कोणी मत्सराने फोन केला असेल."

अधिकारी थकला होता, नाहीतर तो असं बोलला नसता. "शेजारी कुठले? फोन तर लग्नघरातूनच आला होता."

काकांचा चेहरा पहिल्यांदाच हसायचा थांबला. "लग्नघरातून? कोणी केला?"

बाईंनी तोंड उघडलं. पण बसलेल्या गळ्यातून शब्द फुटायच्या आत मागून आवाज आला, "मी."

बाईंचा नवरा वायरचं वेटोळं हातात घेऊन उभा होता. "मी केला फोन," तो म्हणाला.

"तुम्ही?" काकांना ते खरंच वाटेना. "बोलणी झाली तेव्हा तर तोंडातून चकार शब्द काढला नाहीत! पोटात एक, ओठात एक? पोरीच्या लग्नात पोलिसगिरी?"

"चुकलं असेल," नवरा म्हणाला.

"यापुढे माझ्या घराची पायरी चढायची नाही तुम्ही."

"बरं," तो म्हणाला आणि वायर गुंडाळत राहिला.

निरोप घेताना लेक आईच्या गळ्यात पडून रडली. बापाकडे तिने बघितलं नाही.

टेम्पोतून घरी येताना पुलाचा चढ लागला तेव्हा बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "अहो, फोन मी केला होता."

"माहीत आहे. भिंतीपलीकडेच होतो मी. तुझं कुजबुजणंसुद्धा दोन खोल्या पलीकडे जातं."

"मग तुम्ही कशाला अंगावर घेतलंत?"

त्याने गिअर बदलला. "तिला तिथे राहायचंय. माहेरचं कोणीतरी एक बोलायला पाहिजे ना तिला. तू पाहिजेस. माझ्याशी नाहीतरी कोण बोलतं?"

बाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

पुढचे दिवस तसेच गेले जसे जाणार होते. तो व्हिडिओ शहरभर फिरला. लग्नाच्या कपड्यांतल्या ऐकाबाई, तोंडात नियम आणि मागे रॉकेट. लोकांनी त्याला गाणं लावलं, दुसरं गाणं लावलं. पालिकेने बोलावून घेतलं. तिथले साहेब सज्जन होते, त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "बाई, तुमची चूक नाही हे मला माहीत आहे. पण तुमच्याच लग्नाला दंड आणि तुमच्याच तोंडी घोषणा, हे आता चालायचं नाही. वरून आलंय." नियमांचं काम कुठल्याशा एजन्सीला गेलं. बाईंकडे पुन्हा गाद्या, चपला आणि हरवलेली पोरं राहिली. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. एवढंच की चौकाचौकांत आता लोक त्यांना बघून आधीच हसायला सुरुवात करायचे, आणि त्या तोंड उघडेपर्यंत दमलेल्या असायच्या.

लेक आईला फोन करायची. ऑफिसातून आलेला नवरा, सासूचा स्वभाव, चष्म्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक, सगळं सांगायची. बाबांना फोन दे असं कधी म्हणायची नाही. बाबाही शेजारीच बसलेला असायचा, बॅटरीची तोंडं पुसत. फोन ठेवला की विचारायचा, "बरी आहे ना?" बाई म्हणायच्या, "बरी आहे." तेवढ्याने त्याचं भागायचं. बाईंचं मात्र भागेना. आपल्या वाटचा अबोला तो भोगतोय, हे त्यांच्या घशाखालून उतरत नव्हतं. एक-दोनदा त्यांनी फोनवर विषय काढलाही, पण लेक म्हणायची, "जाऊ दे ना आई आता," आणि दुसरंच बोलायला लागायची.

बऱ्याच महिन्यांनी एका सुट्टीच्या दिवशी ती एकटीच घरी आली. वाळलेली दिसत होती. नवरा टेम्पोचं चाक काढायला बाहेर गेल्यावर बाईंनी तिचा हात धरून खाली बसवलं.

"तो फोन बाबांनी केला नव्हता. मी केला होता."

लेकीने हात सोडवला नाही. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तेव्हाच. आई, बाबांना स्वतःचा नंबर धड पाठ नाही. ते त्या कक्षाचा नंबर कुठून लावणार?"

बाईंना हसू आलं आणि रडूही. "मग त्यांच्याशी अबोला कशासाठी धरलास?"

"आधी काकांना दाखवायला. मग सवय झाली. आणि राग होताच, खोटं कशाला बोलू. तू बरोबर होतीस, आई. पण माझ्या लग्नाचं कोणी काही बोलत नाही. मी कशी दिसत होते, जेवण कसं होतं, काही नाही. ओळख करून दिली की लोक म्हणतात, अरे, त्या व्हिडिओतल्या बाईंची मुलगी."

बरोबर असण्याने लेकीचा तो दिवस परत मिळणार नव्हता, आणि चुकीचं वागल्या असत्या तर ती बाळं, तो थर्मासवाला माणूस डोळ्यांसमोरून हलले नसते. त्या एवढंच म्हणाल्या, "फार छान दिसत होतीस गं."

नवरा हात काळे करून आत आला. लेक उठली, मोरीपाशी जाऊन त्याच्या हातावर पाणी ओतत उभी राहिली. "साबण घ्या, बाबा. नुसत्या पाण्याने ग्रीस निघतं का?" तो साबण शोधायला लागला. साबण त्याच्या समोरच होता.

काकांनी मात्र पायरीबंदी उठवली नाही. रस्त्यात भेटले की "काय फौजदार!" म्हणतात आणि पूर्वीसारखीच थाप मारतात, ती आता जरा जास्त जोरात बसते एवढंच. नवरा थाप खातो आणि पुढे जातो.

त्या दुपारी जेवून लेक आईच्या पलंगावर आडवी झाली आणि बघता बघता गाढ झोपली, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. संध्याकाळी गाद्यांच्या सेलची फेरी होती. बाईंनी चपला घातल्या, पुठ्ठा घेतला. टेम्पो खिडकीखालीच उभा होता आणि सुरू होताना तो खोकला लागलेल्या म्हाताऱ्यासारखा आवाज करायचा. नवऱ्याने किल्ली लावली, खिडकीकडे बघितलं, किल्ली पुन्हा काढून खिशात टाकली.

"ढकलशील?" त्याने विचारलं.

बाईंनी पुठ्ठा सीटवर ठेवला. त्याने एका हाताने हँडल धरलं, बाईंनी मागून खांदा लावला, आणि दोघांनी धापा टाकत तो टेम्पो गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेला.